घरच्या रुग्णाची काळजी तुम्ही घेता? मग फाइलवर तुमचंही नाव हवं

रुग्णाच्या फाइलमध्ये त्याचा रक्तगट असतो, कशाची ॲलर्जी आहे ते असतं, विम्याचा नंबर असतो, बिल कोण भरणार त्याची सही असते. घरी गेल्यावर त्याला उठवणार-बसवणार कोण, भरवणार कोण, रात्री उठून कूस बदलणार कोण, हे मात्र बहुतेक फाइलींमध्ये शोधूनही सापडत नाही. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ अशी हाक वॉर्डात ऐकू आली की समजावं, एक तर सही हवी आहे नाहीतर बाहेरून काहीतरी आणायचंय.

हे काम किरकोळ नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ च्या अहवालात हिशेब मांडला होता, की जगात रोज १६.४ अब्ज तास बिनपगारी काळजीच्या कामात जातात. त्यात घरकाम आणि मुलांचं संगोपनही धरलंय, पण आजारी, अपंग आणि वृद्ध माणसांची शुश्रूषाही त्यातच येते. त्यातलं तीन चतुर्थांशांहून जास्त काम बायका करतात. एवढा डोलारा ज्यांच्या खांद्यावर आहे, त्यांच्याबद्दल रुग्णालयाच्या कागदावर एक ओळही नसावी, हे विचित्रच म्हणायचं.

पुढच्या पायऱ्यांमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: लिहा आणि लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की हवेत विरतं.

पायरी १: नाव नोंदवा

ॲडमिट करताना किंवा ओपीडीच्या पहिल्या भेटीतच सांगा, ‘घरी यांचं सगळं मी बघते. माझं नाव, नातं आणि फोन नंबर फाइलमध्ये लिहून घ्या.’ वाक्य एवढंच, पण ते कोणी विचारायची वाट बघू नका.

इथे चार वेगळ्या भूमिकांची गल्लत होते. तातडीच्या वेळी फोन कोणाला करायचा, बिल कोण भरणार, रुग्ण शुद्धीत नसेल तर निर्णय कोण घेणार आणि रोजची शुश्रूषा कोण करणार. या चार जागांवर चार माणसं असू शकतात. फॉर्मवर नाव परगावच्या मोठ्या मुलाचं आणि प्रत्यक्षात सगळं सून बघतेय, असं असलं की औषध बदलल्याचा फोन मुलाला जातो, आणि सून आठवडाभर जुन्याच गोळ्या देत राहते. त्यामुळे चारही नावं वेगवेगळी लिहून घ्या.

रुग्ण बोलू शकत असेल तर त्याच्याच तोंडून डॉक्टरांना सांगू द्या, ‘माझ्या तब्येतीचं यांना सगळं सांगा,’ आणि ती संमती लेखी घ्या. काही वेळा रुग्ण नकार देतो. तो त्याचा हक्क आहे, आणि मग डॉक्टर तुम्हाला माहिती देणार नाहीत. पण तुम्ही दिलेली माहिती ऐकून घ्यायला त्यांना कोणाची आडकाठी नसते. ‘मला काही सांगू नका, फक्त मी काय बघते ते ऐका,’ असं म्हटलं की बहुतेक अडलेली बोलणी पुढे सरकतात.

अमेरिकेत २०१४ साली ओक्लाहोमा राज्याने पहिल्यांदा असा कायदा केला, तो ‘केअर ॲक्ट’ या नावाने ओळखला जातो आणि नंतर बहुतेक राज्यांनी तो उचलला. त्यात मागण्या तीनच आहेत: दाखल करताना काळजी घेणाऱ्याचं नाव नोंदवा, डिस्चार्ज देण्याआधी त्याला कळवा, आणि घरी जे वैद्यकीय काम करावं लागणार ते त्याला शिकवा. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, या तीन गोष्टी मागायला कायद्याची वाट बघायची गरज नाही.

पायरी २: आठवडाभर सगळं टिपून ठेवा

एक वही घ्या आणि सात दिवस, सात रात्री जे जे करता ते लिहा. किती वाजले, काय केलं, किती वेळ लागला, एकट्याने जमलं का. साधारण असं:

रात्री १.४०. लघवीसाठी उठवलं. उभं राहताना तोल गेला, पलंगाची कड धरली. कपडे बदलले, चादर बदलली. ३५ मिनिटं.
पहाटे ४.१५. ‘कोण आहे दारात’ म्हणून ओरडले. समजूत काढली. परत झोप नाही.
सकाळी ७.००. साखर तपासली, इन्सुलिन दिलं. हे कोणी शिकवलेलं नाही, नर्सचं बघून करते.

असा आठवडा डॉक्टरांसमोर ठेवला की ‘रात्री जरा त्रास होतो’ या वाक्यापेक्षा शंभरपट बोलतो. तोल जाणं, रात्रीचा भ्रम, न शिकता दिलेलं इन्सुलिन या तिन्हींवर त्यांना काहीतरी करावंच लागतं. शिवाय तुम्हालाही पहिल्यांदाच दिसतं, की दिवसाचे किती तास कुठे जातात. बायकांना तर हे दिसतच नाही, कारण अर्धं काम ‘घरातलंच’ या खात्यावर जमा होतं.

वही भरली की प्रत्येक कामापुढे खूण करा: जमतं, शिकवलं तर जमेल, जमणार नाही. तिसऱ्या खुणेची लाज वाटून घेऊ नका. तुमच्या पाठीचं दुखणं असेल आणि रुग्णाचं वजन तुमच्यापेक्षा जास्त असेल, तर ‘एकटीने उचलून खुर्चीत बसवणं जमणार नाही’ ही वैद्यकीय माहिती आहे. ती लपवली तर पुढच्या महिन्यात एकाऐवजी दोन पेशंट होतील. काही कामं शक्तीमुळे नाही, संकोचामुळे जमत नाहीत. वडिलांची शी-शू मुलीने काढायची, किंवा आईला मुलाने आंघोळ घालायची, हे दोघांपैकी एकालाही नको असेल तर तेही तिसऱ्याच खुणेत टाका.

पायरी ३: डॉक्टरांसमोरची पाच मिनिटं

वेळ कमी असतो, हे गृहीत धरूनच जा. सगळ्यात मोठी शंका पहिली विचारा. दाराच्या कडीला हात लावून ‘अजून एक विचारायचं होतं’ म्हणत विचारलेला प्रश्नच बहुधा खरा असतो, आणि तोवर पुढचा पेशंट आत आलेला असतो.

रुग्णालयांमध्ये एकमेकांना निरोप देण्याची एक पद्धत वापरतात, जी मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली: आत्ता काय झालंय, त्यामागचा इतिहास काय, मला काय वाटतं आणि मला काय हवंय. घरच्या माणसालाही ती छान उपयोगी पडते. ‘हल्ली जरा वेगळेच वागतात हो’ याऐवजी असं सांगून बघा: ‘तीन रात्री घरच्यांना ओळखलं नाही. गेल्या सोमवारी झोपेची नवी गोळी सुरू झाली. दिवसा बरे असतात, याआधी असं कधी झालं नव्हतं. गोळीमुळे असेल की लघवीत इन्फेक्शन असेल, ते आज बघाल का?’ याला अर्धा मिनिट लागतो, आणि डॉक्टरांना तपास कुठून सुरू करायचा ते कळतं.

वयस्कर माणसात अचानक आलेला गोंधळ हा ‘वयाचा’ म्हणून सोडून द्यायचा नसतो. इन्फेक्शन, नवं औषध, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणं, यांतलं काहीही त्यामागे असू शकतं. नेहमीचं काय आणि नवं काय, हा फरक तुमच्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही.

सोबत औषधांची एकच ताजी यादी ठेवा: नाव, किती मिलिग्रॅम, कधी, कशासाठी, कोणत्या डॉक्टरांनी सुरू केलं. परस्पर आणलेल्या गोळ्या, व्हिटॅमिनं, झाडपाल्याची औषधंही त्यात लिहा. बंद झालेल्या गोळ्या खोडून बाजूला तारीख घाला. निघताना, समजलेलं परत बोलून दाखवा: ‘म्हणजे ही पांढरी गोळी आजपासून बंद, आणि दहा दिवसांनी रक्त तपासायचं. बरोबर ना?’ चूक असेल तर ती तिथेच सापडते.

पायरी ४: तब्येत ढासळतेय आणि कोणी लक्ष देत नाही

हा प्रसंग वाट्याला येऊ नये, पण तयारी असावी. श्वास भराभर चालणं, नेहमीपेक्षा जास्त गुंगी, नवाच गोंधळ, लघवी एकदम कमी होणं, हातपाय गार आणि चिकट लागणं, ही सगळी लक्षणं ‘सकाळच्या राउंडला सांगू’ म्हणण्यासारखी नसतात.

आधी त्या खाटेची नर्स, मग वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, मग ड्युटीवरचे डॉक्टर, मग ज्यांच्या नावावर पेशंट आहे ते मोठे डॉक्टर, आणि शेवटी रुग्णालयाचे प्रशासकीय अधिकारी. चढताना आवाज चढवावा लागत नाही. वाक्य हे वापरा: ‘मी यांना रोज बघतो. हे यांचं नेहमीचं नाही. सिनियर डॉक्टरांनी आत्ता येऊन बघावं, आणि मी हे किती वाजता सांगितलं ते फाइलमध्ये लिहावं.’ दुसरा भाग विसरू नका. वेळ नोंदवायची म्हटली की हालचाल होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ही मागणी उर्मटपणाची वाटत असेल, तर दोन नावं लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये रायन सॉन्डर्स हे तीन वर्षांचंही न झालेलं मूल २००७ मध्ये गेलं. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही १३ वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने (इन्फेक्शन अंगभर भिनून) गेली. दोघांच्याही आईवडिलांनी मूल बिघडतंय असं सांगितलं होतं, आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेली नव्हती. त्यांच्या पाठपुराव्यातून क्वीन्सलँडमध्ये ‘रायन्स रूल’ आणि इंग्लंडमध्ये २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ आला. घरच्यांना शंका आली तर उपचार करणाऱ्या टीमबाहेरच्या तज्ज्ञांकडून तातडीने पुन्हा तपासणी मागता येते, असा त्या दोन्हींचा गाभा. तुमच्या रुग्णालयात अशी काही सोय आहे का, हे दाखल झाल्याच्या दिवशीच विचारून ठेवा. गडबडीत विचारायला सुचत नाही.

पायरी ५: डिस्चार्ज

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. सकाळी राउंडला ‘आज घरी जाऊ शकता’ म्हणतात, दुपारी बिल होतं, संध्याकाळी तुम्ही नळ्या, पिशव्या आणि औषधांच्या पुड्यांसकट दारात उभे. म्हणून तयारी दाखल होण्याच्या दिवसापासून करायची. रोज एकदा विचारा, ‘घरी जाताना यांना काय काय लागेल असं आज वाटतंय?’ उत्तर बदलत जाईल, पण तुम्ही गाफील राहणार नाही.

नर्सने करून दाखवलं म्हणजे शिकवलं, असं समजू नका. तिच्यासमोर तुम्ही स्वतः करून दाखवा, तेही किमान दोनदा आणि घरी जे सामान नेणार त्यावरच. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लघवीच्या पिशव्यांचे खालचे नॉब वेगळ्या पद्धतीने उघडतात. ते रात्री अंधारात कळून उपयोग नाही.

काय काय शिकून घ्यायचं, त्याची थोडी उजळणी. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी. नळीला पीळ नको. पिशवी काठोकाठ भरू द्यायची नाही. नाकातल्या नळीने भरवायचं असेल तर डोक्याकडची बाजू किमान ३० अंश वर, आणि भरवून झाल्यावरही निदान अर्धा-पाऊण तास तशीच. नाकपुडीपाशी नळीवर जी खूण असते ती प्रत्येक वेळी बघायची. खूण सरकली असेल, ठसका लागला, दम लागला, तर काहीही न घालता फोन करायचा. गोळ्या कुटून द्यायच्या असतील तर प्रत्येक गोळीबद्दल वेगळं विचारा. ज्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात (नावापुढे बहुधा एसआर, एक्सआर, सीआर असं असतं), त्या कुटल्या तर पूर्ण दिवसाचा डोस एकदम अंगात जातो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्वचा रोज बघायला शिका. माकडहाड, टाचा, कमरेची बाजू, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू. लाल दिसलेल्या जागी बोट दाबून सोडा. जागा क्षणभर फिकट होऊन परत लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली तर बेडसोरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर ही लाली पटकन दिसत नाही, तिथे ऊब, कडकपणा किंवा दुखणं बोटांनी तपासावं लागतं. अशा जागेला चोळायचं नाही. चोळल्याने आतलं नुकसान वाढतं. त्या जागेवरचा भार काढायचा. कूस दर दोन तासांनी बदला असं सरसकट सांगतात, पण गादी कोणती आणि प्रकृती कशी यावर ते ठरतं, तेव्हा तुमच्या रुग्णासाठी किती तासांनी, ते विचारून लिहून घ्या. टाचांसाठी पोटरीखाली उशी द्यायची, म्हणजे टाच अधांतरी राहते.

कूस बदलताना माणसाला ओढायचं नाही. कमरेखाली आडवी घडीची चादर टाकून ठेवली तर दोघांनी दोन बाजूंनी ती धरून सरकवता येतं. पलंग उंच करता येत असेल तर तुमच्या कमरेपर्यंत आणा. पक्षाघाताच्या रुग्णाला लुळ्या हाताला किंवा काखेत धरून कधीही उठवू नका, खांदा निखळतो. हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकाच. व्हिडिओ बघून तुमच्या पाठीचा कोन कोणी दुरुस्त करत नाही.

निघण्याआधी हातात काय हवं:

- वाचता येईल अशी डिस्चार्ज समरी आणि कोणतं औषध नवं, कोणतं बंद, कोणाचा डोस बदलला, याची वेगळी यादी
- कोणती लक्षणं दिसली तर फोन करायचा आणि कोणती दिसली तर थेट इमर्जन्सीत यायचं
- रात्री दोन वाजता चालणारा फोन नंबर (लावून बघा)
- पुढच्या तपासणीची तारीख, आणि अजून न आलेले रिपोर्ट कोण बघणार त्यांचं नाव

घरी तयारी झालेली नसेल तर तसं सांगा. ‘आज नेता येणार नाही’ एवढ्यावर थांबू नका. कारण लिहून द्या: पलंग यायचाय, नळीने भरवायला शिकवलेलं नाही, रात्री दुसरं माणूस नाही. काय झालं की नेता येईल तेही त्याच कागदावर लिहा. नुसत्या नकाराला भांडण समजतात, कारणांच्या यादीवर काम करावं लागतं.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. घरच्यांना शिकवलं की भागलं, व्यावसायिक मदत नको, असा सोयीस्कर समज पसरलेला आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर झालेली ‘अटेंड’ चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कुटुंबीयांना पुनर्वसनाचे व्यायाम शिकवून ते घरी त्यांच्याकडूनच करवून घेतले, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा सहा महिन्यांनी रुग्णांत काही फरक पडला नाही. कुटुंबीय कमी पडले, असा याचा अर्थ मी लावत नाही. फिजिओथेरपिस्टचं काम घरच्यांच्या गळ्यात टाकून खर्च वाचवता येईल, ही आशा फोल ठरली. तुम्हाला सुरक्षितपणे शुश्रूषा करण्यासाठी शिकायचंय. तज्ज्ञाची जागा भरायची नाही. ‘आता तुम्हीच करा घरी’ असं कोणी म्हटलं तर ‘आणि बघायला कोण, कधी येणार?’ हा प्रतिप्रश्न हवाच.

पायरी ६: अधिकाराचे कागद

रुग्ण समजून-उमजून सही करू शकतो तोवरच हे उरकायचं असतं. डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं की पहिल्या काही महिन्यांतच. निर्णय घेणारी व्यक्ती कोण, बँकेचे व्यवहार कोण बघणार, व्हेंटिलेटरसारख्या उपचारांबद्दल रुग्णाची स्वतःची इच्छा काय. नाती आणि अधिकार एक नसतात: नवरा, बायको किंवा मुलगा आहे म्हणून आपोआप सही चालेल असं सगळीकडे नाही. देशागणिक कायदा बदलतो. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ आधीच नेमता येतो. इंग्लंडमध्ये प्रकृतीविषयक निर्णयांसाठी वेगळं मुखत्यारपत्र लागतं. वकिलाला एकदा भेटा.

पायरी ७: घरातली वाटणी

‘काही लागलं तर सांग’ म्हणणारे नातेवाईक वाईट नसतात, पण त्यामुळे कामाचं नियोजनही तुमच्याच डोक्यावर राहतं. त्यापेक्षा एक अख्खं काम सोपवा, त्याच्या काळजीसकट. लांब राहणाऱ्या भावाला विम्याचे क्लेम, अपॉइंटमेंट, बिलं, औषधांचा साठा संपण्याआधी मागवणं, हे सगळं फोनवरून जमतं. कोणी पैसे देऊ शकतं, कोणी महिन्यातले ठरलेले दोन दिवस येऊन राहू शकतं. पायरी २ मधली वही इथे समोर ठेवा. वही बघून गप्प झालेले नातेवाईक पुष्कळ आहेत.

फोनवरून सल्ले देणाऱ्यांना मात्र एकच उत्तर: ‘पुढच्या डॉक्टर-भेटीला तूच घेऊन जा.’

पायरी ८: तुमची स्वतःची फाइल

१९९९ मध्ये शुल्झ आणि बीच या संशोधकांनी ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास मांडला. जोडीदाराची काळजी घेणाऱ्या आणि त्याचा ताण जाणवणाऱ्या वयस्कर लोकांत, चार वर्षांच्या काळात मृत्यूचा धोका काळजी न घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. काळजी घेणाऱ्या पण ताण नसलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. त्याआधी १९९५ मध्ये ओहायोतल्या संशोधकांनी डिमेन्शियाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर एक बारीकशी, मोजून-मापून केलेली जखम भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. इतर १३ स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा होता, पण ‘मनाचा थकवा’ कातडीवर मोजता येतो, हे त्यात दिसलं.

तेव्हा स्वतःच्या डॉक्टरांकडे गेल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा, ‘मी घरी पूर्णवेळ पेशंट बघतो,’ आणि तुमच्या फाइलवरही ते लिहून घ्या. त्यावर तुमच्या झोपेचा, रक्तदाबाचा, पाठीचा अर्थ वेगळा लागतो. ताण किती आहे याची मोजदाद हवी असेल तर ‘झॅरिट’ प्रश्नावली विचारा: २२ प्रश्न, एकूण ८८ गुण, जितके जास्त तितकं ओझं जास्त. दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा भरली की चढ कळतो, आणि मदत मागताना हातात आकडा राहतो.

चिडचिड होते, आवाज चढतो, कधी हात उचलावासा वाटतो. हे कोणाला सांगितलं तर माणुसकी नाही असं म्हणतील, म्हणून लोक गिळून टाकतात. गिळू नका, डॉक्टरांना सांगा. हा विश्रांती तातडीने हवी असल्याचा निरोप आहे. आणि स्वतःला संपवून टाकावं असं वाटायला लागलं तर त्याच दिवशी, वाट न बघता, मदत घ्या.

विश्रांतीची सोय कोलमडण्याआधी लावायची असते. बदली माणूस आधी तासाभरासाठी आणा, तुम्ही शेजारच्या खोलीत थांबा, मग हळूहळू वेळ वाढवा. त्याच्यासाठी एका पानाची चिठ्ठी ठेवा: औषधांच्या वेळा, काय खाल्लं की ठसका लागतो, कोणत्या कुशीवर बरं वाटतं, चिडले की काय बोललं म्हणजे शांत होतात. ही चिठ्ठी रुग्णालयात दाखल करावं लागलं तरी नर्सला उपयोगी पडते. डिमेन्शियाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘आयसपोर्ट’ नावाचा पाच भागांचा प्रशिक्षण कार्यक्रम केलाय. त्यातला एक अख्खा भाग स्वतःची काळजी कशी घ्यावी यावर आहे.

पायरी ९: नोकरी

राजीनामा ही शेवटची पायरी ठेवा, कारण परतीची वाट अरुंद असते. आधी लेखी मागा: वेळ बदलून, काही दिवस घरून काम, तुकड्या-तुकड्यांत रजा. बाहेर काय चालतं ते माहीत असलं की बोलायला बळ येतं. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या निर्देशानुसार काळजी घेणाऱ्या नोकरदाराला वर्षाला किमान पाच दिवसांची रजा आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा, पण बिनपगारी. जपानमध्ये प्रत्येक नातलगामागे एकूण ९३ दिवस, तीन हप्त्यांत घेता येतात. बॉसला सगळी वैद्यकीय कहाणी सांगायची गरज नाही. ‘घरात दीर्घ आजारी व्यक्ती आहे, तिची काळजी माझ्यावर आहे, मला अमुक बदल अमुक महिन्यांसाठी हवा आहे’ एवढं पुरे.

पायरी १०: तक्रार आणि मागणी

तक्रार अर्जात चार गोष्टी: काय झालं, कधी, कोणाला सांगितलं होतं, आणि आता काय हवंय. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि मग उत्तर येतं, ‘आपल्या भावना पोचल्या.’ माफी हवी, चौकशी हवी, पैसे परत हवेत की पद्धत बदलायला हवी, ते नेमकं लिहा. पोच घ्या. एका अर्जात एकच विषय ठेवा.

यापुढचं काम एकट्याने होत नाही. मेरी वेब्स्टर यांनी आईवडिलांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडली होती. १९६३ मध्ये त्यांनी ब्रिटिश वृत्तपत्रांना पत्र लिहून अशा अविवाहित स्त्रियांचे हाल मांडले. त्याला इतकी पत्रं आली की १९६५ मध्ये संघटना उभी राहिली, तीच पुढे ‘केअरर्स यूके’ झाली. १९७६ मध्ये तिथे काळजी घेणाऱ्यांसाठी भत्ता सुरू झाला, पण विवाहित बायकांना तो नव्हता. त्या घरीच असतात, असा हिशेब. जॅकलिन ड्रेक यांनी आजारी आईसाठी नोकरी सोडली आणि त्यांना याच कारणावरून नकार मिळाला, तेव्हा त्या युरोपियन न्यायालयापर्यंत गेल्या. १९८६ मध्ये निकालाच्या तोंडावर सरकारने नियम बदलला, आणि निकालही ड्रेक यांच्याच बाजूने लागला. भत्ता सुरू होऊन तोवर दहा वर्षं झाली होती.

तुमच्या गटाची सुरुवात छोटीच असू द्या. एकाच वॉर्डाबाहेर, एकाच डायलिसिस सेंटरवर नेहमी भेटणारे पाच-सहा जण पुरेत. पहिली मागणी स्वस्त आणि मोजता येईल अशी निवडा: ॲडमिशन फॉर्मवर ‘घरी काळजी कोण घेणार’ हा एक जादा रकाना. त्याला पैसे लागत नाहीत, नकार द्यायला कारण सापडत नाही, आणि तीन महिन्यांनी तो किती फॉर्मवर भरलाय ते मोजता येतं. तो झाला की दुसरी: डिस्चार्जच्या किमान एक दिवस आधी त्या रकान्यातल्या माणसाला फोन. मग तिसरी: त्या माणसाने काम नर्ससमोर करून दाखवल्याची फाइलवर नोंद, खाली दोघांच्याही सह्या. प्रत्येक भेटीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी रुग्णालयाला लिहून पाठवा, आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच पत्रात मागा.